चांदीसकट वजन

माझी मुलगी सरकारी पोस्टरवर आहे. पांढऱ्या वजनकाट्यात पडलेली, डोक्याला लोकरीची कुंची, गळ्यात हसळी, पायात वाळे, आणि बाजूला जरीची साडी नेसून तिच्यावर ओणवलेल्या माझ्या सासूबाई. खाली मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलंय की आता प्रत्येक घरी भेट, प्रत्येक बाळ सुदृढ. भोपाळमध्ये ते जागोजागी आहेच, पण परवा माझी एक मैत्रीण कामासाठी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली होती, तिनं तिथल्या लसीकरण केंद्राच्या भिंतीवरून फोटो काढून मला पाठवला. सोबत टाळ्या वाजवणारे हात. त्या पोस्टरवर मी कुठेच नाही, कारण तो फोटो काढला तेव्हा मला आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं.

आमचं घर अवधपुरीत. नवरा जवळच्याच मोठ्या कारखान्यात इंजिनियर आहे. सासर मूळ नागपूरचं. राज्यांची वाटणी झाली तेव्हा आजेसासरे कचेरीच्या दप्तरांबरोबर भोपाळला आले आणि तेव्हापासून हे घराणं इथे पाहुण्यासारखं राहतंय. भाजी हिंदीत घेतात, भांडण हिंदीत करतात, मालिका हिंदीत बघतात, आणि वर इथल्या लोकांना रीतभात नाही म्हणून नाकं मुरडतात. मी पुण्याची. म्हणजे सासूबाईंच्या मते मलाही रीतभात नाही, फक्त माझं कारण वेगळं. सासरे मी या घरात येण्याआधीच गेले होते. घरात आम्ही तिघं, आणि दिवसभर ये-जा करणारं सासूबाईंचं मंडळ, म्हणजे कॉलनीतल्या मराठी बायका.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई नेमकी त्याच महिन्यात पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मग ते इथेच झालं, पोट उघडून, ऐन थंडीत. मुलगी झाली. सासूबाईंनी बाळंतिणीची खोली सजवली, खिडकीला जाड पडदा लावला, आणि सव्वा महिना मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही असं ठरवून टाकलं. माझ्या टाक्यांची अवस्था अशी होती की पाऊल टाकायची मला हौसही नव्हती.

त्याच सुमारास सरकारनं शहरातल्या काही वॉर्डांमध्ये एक योजना चालवून बघायला घेतली होती. बाळ जन्मलं की एक शिकवून तयार केलेली बाई ठरावीक दिवसांनी घरी येणार, बाळाचं वजन करणार, ते दूध कसं पितं ते बघणार, आईशी एकटीशी बसून बोलणार. इथे जमलं तर पुढे सगळ्या राज्यात. योजनेत खोट काढायला मला तरी जागा दिसत नाही. ज्या कुणी ती लिहिली त्याला बाळंतीण म्हणजे काय ते कळत असावं. त्याला फक्त माझ्या सासूबाई माहीत नव्हत्या.

त्या बाईचा आदल्या दिवशी फोन आला की उद्या येते. झालं. सासूबाईंनी सोफ्याची कव्हरं बदलली, काचेच्या कपाटातले कप काढून धुतले, दारात रांगोळी घातली. सरकारची बाई घरी येणार म्हणजे त्यांच्या लेखी ती सवाष्ण, आणि सवाष्ण घरी आली की तिचं काय करायचं हे त्यांना पाठ होतं. हळदीकुंकू झालं, पोहे झाले, चहा झाला आणि निघताना तिची ओटी भरली. नारळ, ब्लाउजपीस, तांदूळ. मला हे सगळं आतून ऐकू येत होतं. ती बाई बिचारी 'अरे नहीं माताजी, नहीं' करत होती आणि सासूबाई तिच्या पदरात तांदूळ ओतत होत्या.

तिला आम्ही सगळेच दीदी म्हणायचो. गोड बाई होती. मला नंतर कळलं की आमच्याच रांगेतल्या बंगल्यांमध्ये लोक तिला जाळीच्या दारातूनच सब ठीक है सांगून वाटेला लावायचे. मागच्या झोपड्यांमध्ये बसायला जागा नसायची. आमच्याकडे पोहे, पंखा, मान आणि नारळ. ती आमच्याकडे यायची आणि बसायची. तिच्या कामात जे काही बसणं लिहिलं होतं ते सगळं तिनं आमच्या हॉलमध्ये सासूबाईंसोबत उरकलं. निघताना माझ्या खोलीच्या दारात डोकावायची, मागे सासूबाई उभ्या, आणि विचारायची, सब ठीक? मी म्हणायचे, हां, ठीक. सासू खांद्यामागे उभी असताना याखेरीज दुसरं उत्तर कुठल्या सुनेनं दिलं असेल तर मला तिला भेटायचंय.

कारण ठीक नव्हतं. मुलगी छातीला लागली की दोन-चार घोट घ्यायची आणि झोपून जायची. मी तिचे तळवे चोळायचे, कानाच्या पाळीला हात लावायचे, ती डोळे अर्धवट उघडायची आणि मिटून घ्यायची. दुपटी ओली व्हायला हवीत तशी होत नव्हती. आणि ती रडत नव्हती. मी कधी बाळ सांभाळलं नव्हतं, तरी रडत नाही ते बाळ कसलं, असं मला सारखं वाटायचं. पण मंडळातल्या बायका डिंकाचे लाडू आणि झबली घेऊन यायच्या आणि तिच्यावरून हात फिरवत म्हणायच्या, किती गुणी आहे गं, आमच्या नातवानं तर घर डोक्यावर घेतलं होतं. मग सासूबाई फुलायच्या. त्या बायकांनी माझ्या मुलीचं गुणी असणं इतकं ऐकवलं की पुढे तो शब्द ऐकला की मी तिचं दुपटं चाचपून बघायचे.

मी सासूबाईंना सांगून बघितलं. त्या शेगडीत ओवा टाकत होत्या. म्हणाल्या, "काहून कटकट करून राहिली तू? पोरगी किती शांत आहे. सरकारची बाई स्वतः वजन करून गेली ना, वाढलं म्हणे."

वाढलं होतं हे खरं. दीदीनं दिलेलं कार्ड नवऱ्यानं मला आणून दाखवलं. त्यावर पहिल्या भेटीचा आकडा होता, दुसऱ्या भेटीचा होता, आणि दुसरा पहिल्यापेक्षा चांगला होता. त्यानं कार्डाचा फोटो एका ओळखीच्या डॉक्टरलाही पाठवला आणि डॉक्टरनं अंगठा पाठवला. पुण्याहून आई फोनवर म्हणायची, वजन करून बघा गं. केलंय आई, वाढतंय. मग काळजी कसली करतेस? मी फोन ठेवायचे आणि मुलीला उचलायचे, आणि माझे हात सांगायचे की ही काल होती त्याहून हलकी आहे. दिवसभर हे असं चालायचं. आकडा खरा की हात खरे. शेवटी मी ठरवून टाकलं की मला वेड लागत चाललंय. बाळंतिणींना लागतं असं मी कुठेतरी वाचलं होतं.

मध्ये बारसं झालं. त्या दिवशी मुलीच्या अंगावर जे काय चढलं त्याची मजा मी पाळण्याजवळ खुर्चीवर बसून बघितली. वाळे आधीच होते, जन्मल्याबरोबर सासूबाईंनी घातले होते. नणंदबाईंनी चांदीची हसळी आणली, चांगली भरीव. आईनं भावाबरोबर कमरेचा करगोटा पाठवला. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी हातातली कडी दिली. मंडळातल्या एका काकूंनी लोकरीचा स्वेटर विणला होता, दुहेरी लोकरीचा, कारण भोपाळची थंडी म्हणजे त्यांना हिमालय. वाळे पायातून निसटायला लागले होते. सासूबाईंनी काळा दोरा घेऊन ते घोट्याला बांधले आणि म्हणाल्या, चला, दृष्टीचंही काम झालं. मी बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

शिरलं ते पुढच्या भेटीच्या दिवशी. दीदी आली, पोहे झाले, सासूबाई मुलीला माझ्याकडून घेऊन गेल्या. वजन हॉलमध्येच व्हायचं, तिथे उजेड बरा होता आणि दीदीला प्रत्येक भेटीचा फोटो पाठवावा लागायचा. मी पलंगावर पडून होते. बाहेरून आधी दीदीचा आवाज आला की माताजी, कपडे उतार देते तो अच्छा रहता. मग सासूबाईंचा, की ठंड कितनी है देखो, और बच्चे को नंगा दिखाते नहीं हमारे में, नजर लगती है. मग काटा मांडल्याचा आवाज, आणि त्यानंतर छुम, छुम, वाळे काट्याच्या ताटात वाजले. हसळी खणकन लागली. मग दीदी म्हणाली, अरे वाह, फिर बढ़ गया.

मी उठून बसले. टाके ओढले गेले, पण मी बसले.

दीदीला येत नव्हतं असं मुळीच नाही. तिला सगळं शिकवलेलं होतं आणि तिनं पहिल्या भेटीपासून ते म्हणूनही बघितलं होतं. पण ज्या घरात तुमच्या पदरात नारळ पडलाय त्या घरच्या बाईला तुम्ही बाळाचे कपडे काढा असं दुसऱ्यांदा सांगू शकत नाही. सासूबाईंनी तिला पाहुणी करून टाकलं होतं आणि पाहुणी काय करणार, दिलं ते खाणार आणि दाखवलं ते बघणार. आपल्या लोकांना माणसाचं तोंड बंद करायला मान देण्यासारखा दुसरा उपाय माहीत नाही.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला सांगितलं की वजन चांदीसकट होतंय. तो हसला. कारखान्यात दिवसभर मोजमाप करून आलेला माणूस, त्याला हा प्रश्न अगदी बाळबोध वाटला. बाळंतिणीच्या खोलीत चपला घालायच्या नाहीत म्हणून मोज्यांनिशी उभं राहून त्यानं मला समजावलं. "हे बघ, चूक दर वेळी तेवढीच असेल तर फरक बरोबरच येतो. चांदी पहिल्या वेळी पण होती, आता पण आहे. ती कटून जाते."

मी म्हटलं, पहिल्या वेळी फक्त वाळे होते, दुसऱ्या वेळी वर जाड दुपटं. तो म्हणाला, मग काय, हसळीचं असं कितीसं वजन. मी म्हटलं, करगोटा, कडी, काकूंचा स्वेटर, कुंची. तो म्हणाला, तू जरा झोप. इंजिनियर माणूस, ज्याला कारखान्यात एक सूत इकडचं तिकडे चालत नाही, त्याच्या घरात त्याची मुलगी दर भेटीला थोडी थोडी चांदीची होत चालली होती आणि तो मला झोप म्हणत होता. मला त्याचा जितका राग आला तितका सासूबाईंचाही कधी आला नाही. सासूबाईंना गणित येत नव्हतं.

मी म्हटलं, एक काटा विकत आण. तर म्हणे सरकार घरी येऊन वजन करतंय, ते सोडून आपण काटे आणायचे म्हणजे लोक हसतील. डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर सव्वा महिना व्हायला थोडेच दिवस राहिलेत, तेव्हा लसीला जाणारच आहोत. आणि त्या थोड्या दिवसांच्या आतच राजधानीत असणाऱ्यांचं जे होतं ते आमचं झालं. मोठी माणसं घर बघायला यायचं ठरलं.

योजना आता सगळ्या राज्यात न्यायची होती. त्यासाठी आरोग्य खात्याच्या मोठ्या मॅडम आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांतून लोक यायचे होते, त्यांना एखादी भेट प्रत्यक्ष दाखवायची होती, फोटो काढायचे होते. घर कुठलं दाखवायचं, तर अर्थातच आमचं. जिथे रांगोळी असते. दीदी ही बातमी सांगायला आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, आणि सासूबाईंनी त्याच पावली मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना फोन लावला. दोन दिवस आमच्या घरात लग्नघर असावं तसा गोंधळ चालला होता. पोह्यांबरोबर जिलबी ठरली. मला पैठणी नेसवली. सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतिणीला बाहेर आणायचं नाही, पण मॅडमनी विचारलं तर दाखवता यावी म्हणून तयार करून आत बसवायचं, असा मध्यममार्ग मंडळानं काढला होता.

सकाळपासून मी मुलीला पाजायचा प्रयत्न करत होते. तिनं तोंडही नीट उघडलं नाही. मी सासूबाईंना म्हटलं, आई, ही आज काहीच पीत नाहीये. त्या कुंचीची नाडी बांधत होत्या. त्या म्हणाल्या, एवढी माणसं येणार म्हणून गांगरली असेल. पाच आठवड्यांचं बाळ गांगरलं असेल.

माणसं आली. दार लोटलेलं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. मोठ्या मॅडमचं हिंदी फार स्वच्छ होतं. त्या म्हणाल्या की आम्हाला राज्यातलं एक एक घर असं करायचंय, जिथे भेटीला येणारी बाई घरचीच वाटते. सासूबाईंनी अनुभव सांगितला. त्यांनी दीदीचं कौतुक केलं, सरकारचं केलं आणि आमच्या नागपूरकडे बाळंतपण कसं करतात तेही ऐकवलं. मग काटा मांडला. छुम, छुम. फोटोवाल्यानं सासूबाईंना जरा खाली वाकायला सांगितलं. कुणीतरी आकडा मोठ्यानं वाचला आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या ऐकल्या आणि मी उठले. मी काही ठरवलं नव्हतं. इतके दिवस हळू हळू उठायची सवय लागली होती, त्या दिवशी एकदम उठले आणि पैठणीच्या निऱ्या हातात धरून हॉलमध्ये गेले. मॅडम माझ्याकडे बघून गोड हसल्या, आप माँ हैं, बहुत बधाई म्हणाल्या. मी मुलीला काट्यातून उचललं, दिवाणावर बसले आणि तिला मांडीवर घेऊन कुंचीची नाडी सोडली.

सासूबाई म्हणाल्या, अगं काय करून राहिली, एवढ्या लोकांसमोर. मी स्वेटरची बटणं काढली, काकूंनी ती खूपच लावली होती. हसळी काढली. हातातली कडी काढली. करगोटा काढला. प्रत्येक वस्तू मी समोरच्या पोह्यांच्या रिकाम्या ताटलीत ठेवत गेले आणि ती वाजत होती. शेवटी वाळ्यांचा काळा दोरा दातांनी तोडला. दोरा तुटला तसे वाळे माझ्या मांडीवर आपोआप गळून पडले. घोट्याला त्यांना अडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग झबलं काढलं, आणि जी काही माझी मुलगी होती ती सगळ्यांना दिसली.

"अब इसका वजन करो," मी दीदीला म्हटलं.

तिनं केलं. आकडा तिनं मोठ्यानं वाचला नाही, पण काटा सगळ्यांना दिसत होता. मुलगी जन्मली तेव्हा होती जवळजवळ तेवढीच होती. मॅडम म्हणाल्या, मशीन में कुछ गड़बड़ लगती है. तेव्हा माझा नवरा, जो एका कोपऱ्यात जिलबीचं ताट घेऊन उभा होता, पुढे आला, त्यानं मुलीला उचलून माझ्याकडे दिलं आणि ती चांदीनं भरलेली ताटली, वाळे, स्वेटर, कुंची, झबलं सगळं एकत्र काट्यावर ठेवलं. मग रिकामी ताटली तेवढी काट्यावर ठेवून पाहिली. त्याचे ओठ हलत होते. शेवटी त्याला वजाबाकी जमली. मशीन बरोबर होतं. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं चेहरा हातांत धरला. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

पण मला त्या वेळचं आठवतं ते वेगळंच. जानेवारीतली सकाळ, थंडगार काटा, अंगावर चिंधी नाही, एवढ्या अनोळखी माणसांचा गलका, आणि मुलगी रडली नाही. तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. ते बघून मला जी भीती वाटली तशी आयुष्यात पुन्हा वाटू नये. मी तिला पैठणीच्या पदरात गुंडाळलं आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले, आणि मंडळातल्या कुणीतरी, अगदी प्रेमानं, म्हटलं की बाळंतिणीनं असं रडू नये, दूध आटतं.

दीदी माझ्या पायाशी जमिनीवर बसली. ताटली नाही, कप नाही. तिनं विचारलं, "दूध कैसे पीती है? मुझे दिखाओ."

हे तिनं पहिल्या दिवशी विचारायचं होतं. मी म्हटलं, आधी सगळ्यांना बाहेर काढा. काढलं. मॅडमसुद्धा अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मुलगी नीट लागतच नव्हती आणि मला दूधही पुरेसं नव्हतं, हे कळायला दीदीला जराही वेळ लागला नाही, आणि त्याच दुपारी आम्ही तिला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, पण सासूबाईंना ते हिंदीत ऐकावं लागलं याचं मला समाधान आहे. वाटी-चमच्यानं वरचं दूध सुरू झालं. काही दिवसांनी, मी डोळे मिटून बसले होते तेव्हा, ती पहिल्यांदा कर्कश, खणखणीत, रागावून रडली. शेजारच्या पलंगावरची बाई वैतागली. मी ते रडणं थांबवायच्या आधी जरा वेळ नुसतं ऐकत बसले.

घरी आलो तर सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी तिची दृष्ट काढली. एवढ्या लोकांसमोर नागडं केल्यावर दुसरं काय होणार. पुढे सावकाश त्यांची गोष्ट बदलत गेली. आता त्या मंडळात सांगतात की बरं झालं आमच्याकडे सरकारची भेट होती, म्हणून वेळेवर कळलं. सरकारही तेच म्हणतं. आमचं घर त्यांच्या अहवालात यशोगाथा म्हणून गेलं, योजना सगळ्या राज्यात गेली, आणि पोस्टरवर मात्र चांदीसकटचाच फोटो छापला. दुसरा फोटो कुणी काढलाच नव्हता. मी कचेरीत फोन करून सांगितलं की तो फोटो खोटा आहे, काढून टाका. पलीकडचा माणूस म्हणाला की मॅडम, सब जिलों में छप गया, और बच्ची तो कितनी अच्छी लग रही है. मी फोन आपटला. तेवढं एक मला करता येत होतं.

गेल्या आठवड्यात मुलीला दीड वर्षाची लस द्यायला आम्ही दोघी केंद्रात गेलो होतो. पोस्टर तिथेही होतं, बाकाच्या बरोबर वर. माझ्या मुलीनं सुई बघितली आणि ती अशी काही किंचाळायला लागली की सगळं केंद्र माझ्याकडे बघायला लागलं. नर्स म्हणाली चुप कराओ. मी नाही केलं. मी तिला मांडीवर घेऊन बसले आणि ओरडू दिलं.

शेजारी एक पोरगेली मुलगी बसली होती, मांडीवर महिन्या-दीड महिन्याचं बाळ, पलीकडे तिची सासू. तिनं आधी माझ्या मुलीकडे बघितलं, मग पोस्टरकडे बोट केलं आणि म्हणाली की बच्चा ऐसा होना चाहिए. ते बाळ आणि हे किंचाळणारं कार्टं एकच आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मी विचारलं, घरी दीदी येते का? येते म्हणाली, वजन दर वेळी वाढतंय. आणि ही रडत नाही का? सासूनं पलीकडून कौतुकानं उत्तर दिलं की हमारी तो बहुत सीधी है, आवाज ही नहीं करती.

मी बाळाच्या पायांकडे बघितलं. चांदीची कडी होती, जाड, नवी. आणि घोट्याशी ती काळ्या दोऱ्यानं बांधलेली होती.

"धागा खोल," मी त्या मुलीला म्हटलं. तिनं सासूकडे बघितलं. "उधर मत देख. खोल."